घाणेरीच्या काठ्यांची लॉग केबिन

ओंडक्यांच्या घरांची पद्धत अमेरिकेत नेली ती 1638 नंतर डेलावेअरच्या खोऱ्यात उतरलेल्या स्वीडिश आणि फिनिश लोकांनी, असं मानतात. त्या धाटणीच्या केबिनचं छोटं मॉडेल करायला आपल्याकडे घाणेरी उत्तम. माळावर फुकट मिळते आणि कोणी तोडली तरी कुणाला वाईट वाटत नाही. कोवळ्या फांद्या चौकोनी आणि काटेरी असतात, त्या सोडून जुन्या, गोल झालेल्या काठ्या घ्या.

माप 1:24, म्हणजे अर्ध्या इंचाला एक फूट. 12 बाय 16 फुटांची केबिन 6 बाय 8 इंचांत बसते. काठी 10 मिलिमीटर जाडीची, म्हणजे खऱ्या घरात साडेनऊ इंची ओंडका. कोपऱ्याबाहेर दोन्हीकडे अर्धा इंच सोडायचा, म्हणून लांब भिंतींना 9 इंची 21 आणि आखूड भिंतींना 7 इंची 20 तुकडे लागतात. हे होतात साडेसत्तावीस फूट, पण 40 फूट जमवा. गाठी आणि बाक यांत बरंच वाया जातं.

काठ्या उकळल्या की साल सहज सुटते. साल ठेवायचा मोह टाळा, कीड तिच्याखालीच घर करते. सोललेल्या काठ्या एक लिटर पाण्यात 30 ग्रॅम टाकणखार आणि 20 ग्रॅम बोरिक पावडर विरघळवून त्यात दिवसभर बुडवा. बोरिक म्हणून कॅरमची पावडर वापरणार असाल तर पुडीवर काय लिहिलंय ते वाचा, काहींत नुसता स्टार्च असतो. नंतर जुडी घट्ट बांधून सावलीत वाळवा आणि दर आठवड्याला किचनच्या काट्यावर वजन करा. वजन उतरायचं थांबलं की काठी तयार. पावसाळ्यात हे काम काढू नका.

वाळवण्याचा एवढा आग्रह का? लाकूड आडवं आकसतं, लांबीत जवळजवळ नाही. ओल्या काठ्यांची भिंत महिन्याभरात खाली बसते, पण दाराची उभी चौकट आहे तेवढीच राहते. मग वरचे थर चौकटीवर अडकतात आणि कोपऱ्यांचे सांधे उघडतात.

रंग गोंदाच्या आधी. फेविकॉल जिथे सांडला तिथे रंग चढत नाही, पांढरे डाग कायमचे राहतात. जुनाट करडा रंग हवा असेल तर काठ्यांना आधी कडक कोऱ्या चहाचा हात द्या. तो सुकल्यावर दोन दिवस स्टील वूल भिजवलेलं व्हिनेगर लावा. चहातलं टॅनिन आणि लोह मिळून करडा-काळा रंग धरतो. बाटलीचं झाकण मात्र सैल ठेवा, आत वायू तयार होतो.

आता खाचा. लांब भिंतींचा पहिला थर म्हणजे एकच काठी उभी चिरून केलेले दोन अर्धे, सपाट बाजू खाली. त्यांवर आखूड भिंतीच्या अख्ख्या काठ्या आडव्या. खाच नेहमी वरच्या काठीच्या पोटात, निम्म्या जाडीइतकी, म्हणजे 5 मिलिमीटर. खऱ्या घरात वर तोंड केलेल्या खाचेत पाणी साचून कोपरा कुजतो, आणि जाणकाराची नजर मॉडेलमध्येही आधी तिथेच जाते. काठी जागेवर ठेवून पेन्सिलने खूण करा, हॅक्सॉच्या पात्याने दोन काप घ्या, मधलं पटाशीने काढा आणि 10 मिलिमीटरच्या गोल कानशीने घासून बसवा. खाच केसभर खोल झाली तर कोपऱ्यात लपते. उथळ राहिली तर दर थराला अर्धा मिलिमीटर साठत दहाव्या थराला पाच होतात आणि आढं तिरकं बसतं. काठी एका टोकाला बारीक असतेच, म्हणून जाड टोक एका थरात डावीकडे, पुढच्यात उजवीकडे. दर तीन थरांनी चौकोनाचे दोन्ही कर्ण मोजा, ते सारखे हवेत. गोंद फक्त खाचेत.

दार-खिडक्या भिंत पूर्ण झाल्यावर कापायच्या. आधी आतून-बाहेरून कापाच्या रेषेलगत उभ्या पट्ट्या चिकटवा, नाहीतर मधले आखूड तुकडे हातात येतात. फटी बुजवायला चाळलेली माती आणि फेविकॉल दोन पातळ हातांत भरा. एकदम जाड भरली की तडकते.

छपराला 3 मिलिमीटरचा प्लाय, आढं भिंतीपेक्षा 50 मिलिमीटर उंच. वर 30 बाय 12 मिलिमीटरच्या फळकुट्या, करवतीने कापलेल्या नव्हे, पॅकिंगच्या पाइनमधून पटाशीने फोडलेल्या. ठोकळा दर वेळी बरोबर मधोमध फोडा. कडेचा पातळ तुकडा एकदम काढायला गेलात तर चीर त्याच बाजूला वळून बाहेर पडते. फळकुटीचा खालचा 12 मिलिमीटर भाग उघडा ठेवला तर एका पाख्याला दहा ओळी, दोन्हीकडे मिळून सुमारे 420 नग लागतात. 500 फोडून ठेवा. वळचणीची पहिली ओळ दुहेरी, प्रत्येक सांधा खालच्या फळकुटीच्या मध्यावर. गोंद फक्त वरच्या अर्ध्या भागाला, तोही पातळ. जास्त झाला की फळकुटी द्रोणासारखी वळते.