पप्पांचं हार्ट आणि आईची झोप

पप्पांच्या हार्टचं पंपिंग ३० टक्क्यांवर आलंय कळल्यापासून येणारा-जाणारा त्यांचीच चौकशी करतो, आईला कोणी विचारत नाही. हे पंपिंग म्हणजे इजेक्शन फ्रॅक्शन, दर ठोक्याला हार्ट आतलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतं ते, आणि ते नॉर्मल माणसाचंही १०० नसतं, साधारण ५० ते ७० असतं, त्यामुळे ३० म्हणजे तीस टक्केच आयुष्य उरलं असं नाही, पण हे आईला पटवता पटवता नाकी नऊ आले.

सगळं तीच बघते. सकाळी संडासला जाऊन आले की चहाआधी पप्पांचं वजन, ते कालनिर्णयच्या चौकोनात लिहायचं, दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर अंगात पाणी साठतंय समजून डॉक्टरांना फोन, मग घोट्यावर बोट दाबून खड्डा राहतो का तेही बघायचं. मीठ मोजून, पापड-लोणचं बंद, तर हिने स्वतःचंही लोणचं सोडलं! कशाला पण? वर नातेवाईकांचे सल्ले, एकाने लो-सोडियम मीठच आणून दिलं, त्यात पोटॅशियम असतं आणि हार्टच्या काही गोळ्यांबरोबर ते महागात पडू शकतं हे कोण सांगणार त्यांना.

रात्री आई पप्पांचा श्वास ऐकत जागी राहायची. शेवटी दादाने आणि मी वाटून घेतलं, शनिवार-रविवार पप्पांच्या खोलीत आम्ही, आई आतल्या खोलीत. पहिल्या रात्री चारदा डोकावून गेली. आता भजनाला पण जायला लागलीय, तिथून फोन करून वजन विचारते ती गोष्ट वेगळी. पप्पा म्हणतात, तिचंही वजन लिहा कॅलेंडरवर.