टॉवर नसलेला रेडिओ: येऊरमधली एक दुपार

ठाणे स्टेशनहून येऊरला जाणारी टीएमटी पकडायची असेल तर घड्याळाकडे बघू नये. बस येते तेव्हा येते. उपवन मागे पडलं, वनखात्याचं गेट ओलांडलं की त्याच शहरात आपण आहोत यावर विश्वास बसत नाही. श्रावणातली ओल, सागाची झाडी आणि मधूनच एखाद्या हॉटेलाची भडक पाटी. शनिवार-रविवारी इथे टर्फवर खेळायला आणि पार्ट्या करायला अर्धं ठाणं लोटतं, म्हणून मी मुद्दाम मधला वार धरला होता. शिवाय मला जायचं होतं पाड्यावर, वारली बायकांचा रेडिओ ऐकायला.

रेडिओ म्हणजे काय, तर पत्र्याच्या समाजमंदिरात खुर्चीवर ठेवलेला ओंजळीएवढा स्पीकर आणि मला घेऊन आलेल्या ताईंचा मोबाईल. पाड्यावरच्याच बायकांचं बोलणं ताई त्यात रेकॉर्ड करतात, काटछाट करतात आणि दुपारी सगळ्यांना एकत्र ऐकवतात. वेळ अडीचची. पुरुष कामावर, पोरं शाळेत. घरात रेडिओ असो की मोबाईल, तो कोणाच्या हातात असतो हे सांगायला नकोच. म्हणून हे ऐकणं घराबाहेर, घोळक्याने.

हा प्रकार नवा नाही. तेलंगणात जहिराबादजवळच्या माचनूर गावात दलित बायका चालवतात तो संघम रेडिओ १५ ऑक्टोबर २००८ ला हवेत गेला. त्याआधी कितीतरी वर्षं त्या कॅसेटवर कार्यक्रम भरून आपल्या गावातल्या महिला संघाच्या बैठकीत वाजवत होत्या. स्टेशन सांभाळणाऱ्या दोघींचं नाव एकच, नरसम्मा; म्हणून एकीला सगळे 'जनरल' नरसम्मा म्हणत. आपल्याकडे साताऱ्यात म्हसवडला माणदेशी फाउंडेशनची तरंग वाहिनीही २००८ पासूनचीच. त्याला कारण आहे. २००२ च्या धोरणात सामुदायिक रेडिओची परवानगी फक्त शिक्षणसंस्थांना होती, ती स्वयंसेवी संस्थांना मिळाली २००६ मध्ये. शंभर वॅटपर्यंतची ताकद, दहा-पंधरा किलोमीटरचा टप्पा, आणि बातम्या द्यायच्या तर आकाशवाणीच्याच. एकट्यादुकट्या माणसाला परवाना मिळत नाही. तेव्हा येऊरच्या बायकांनी टॉवरची वाट बघत बसण्यात काही अर्थ नव्हता.

त्या दिवशीचा विषय होता लाल गोळी. म्हणजे लोह आणि फॉलिक ॲसिडची, गरोदरपणात १८० दिवस रोज एक आणि बाळंतपणानंतर पुन्हा तेवढेच दिवस घ्यायची. देशात १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५७ टक्के रक्तक्षयी आहेत, असं २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आहे. पण स्पीकरमधून आकडे आलेच नाहीत. एका बाईचा आवाज आला. गोळी सुरू केली नि संडासला काळं व्हायला लागलं, घाबरून उरलेल्या गोळ्या पत्र्याच्या डब्यात टाकल्या, सासू म्हणाली पोर काळं निघेल.

पत्र्याखाली एकदम हशा पिकला. "माझ्या पण डब्यातच आहेत!" मागून कोणीतरी म्हणालं.

मग नर्सबाईंचा आवाज. काळं होतं ते लोहामुळे, घाबरायचं नाही. मळमळत असेल तर जेवणानंतर घ्या. चहाबरोबर नको, चहा लोह अंगी लागू देत नाही. लिंबू पिळलेलं पाणी चालेल. कॅल्शियमची गोळी असेल तर ती वेगळ्या वेळेला. आणि पोराच्या रंगाचा गोळीशी काही संबंध नाही.

हीच माहिती दवाखान्याच्या भिंतीवर छापलेली असते. सरकारी जाहिरातीत 'महिलांनी सकस आहार घ्यावा' हेही असतंच. सगळ्यांची ताटं झाल्यावर पातेल्यात जे उरेल ते खाणाऱ्या बाईला हे सांगणं मला तरी चेष्टाच वाटते. इथे फरक पडला तो आवाजामुळे. बोलणारी कोण, कोणाची सून, कुठल्या घरातली, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तिचं पोर तर तिथेच स्पीकरची वायर ओढत होतं.

पण ओळखीच्या आवाजाचं दुखणंही तेच आहे, हे पुढच्या अर्ध्या तासात कळलं. ताईंनी विचारलं, पुढच्या वेळेला काय घ्यायचं? आधी कोणी बोलेना. एक मुलगा दारात रेंगाळत होता, त्याला पाणी आणायला पिटाळलं. मग एकीने पदर तोंडाशी धरून सांगितलं, अंगावरून पांढरं जातं, त्याबद्दल. चार-पाच माना हलल्या. वास येतो, खाज येते, कंबर धरते. औषध फक्त बाईने घ्यायचं की नवऱ्यानेही, हे डॉक्टरला विचारायचं होतं. ताईंनी मोबाईल पुढे केला आणि सगळ्या मागे सरकल्या.

"माझा आवाज नको, ताई. घरी लगेच ओळखतील."

मोठ्या स्टेशनवर निनावी पत्र चालतं. शंभर घरांच्या पाड्यात निनावी काही नसतं. आवाज बदलणारं ॲप आहे म्हणून मी शहाणपणा केला, पण तसला आवाज ऐकून पोरी हसतील, ऐकणार नाहीत, असं ताई म्हणाल्या. त्यांचं बरोबर होतं.

तेवढ्यात भिंतीला टेकून बसलेल्या एका आजीने हात पुढे केला. सून, नातवंडं सगळं झालेली. "आण इकडे तो. मी विचारते. मला आता कोण काय बोलणार?" आणि तिने खाज, वास, नवरा, सगळं एका दमात, तरण्या बाईचं दुखणं स्वतःचं असल्यासारखं विचारून टाकलं.