डॅक बदलला, की पंखा बंद झाला?

घरच्या ध्वनियंत्रणेत नवा डॅक (डिजिटल संगीताचे विद्युत-संकेतात रूपांतर करणारे यंत्र) किंवा महागडी वायर जोडली की पहिल्या संध्याकाळी आवाज सुधारल्यासारखा वाटतोच. पैसे नुकतेच मोजलेले असतात, खोके जेमतेम उघडलेले असते आणि ऐकणारा नेहमीपेक्षा कान देऊन ऐकत असतो. त्यामुळे एरवी लक्षात न येणारा तंबोऱ्याचा झंकार त्या दिवशी स्पष्ट ऐकू येतो आणि श्रेय वायरीच्या पदरात पडते. म्हणून ‘आवाज चांगला झाला का’ याआधी ‘आवाज मुळात बदलला का’ हे विचारावे, असे माझे मत आहे.

नाशिकजवळच्या सातपूर-अंबडच्या कारखान्यांत तपासणी विभागात काम केलेल्यांना ही शिस्त नवी नाही. मोजमाप भरवशाचे आहे का हे पाहण्यासाठी तिथे तोच नग त्याच माणसाकडून, नगाची ओळख लपवून, पुन्हा मोजून घेतात. हीच मंडळी घरी आल्यावर कानांवर बिनशर्त विश्वास का ठेवतात, हे मला न उलगडलेले कोडे आहे.

गंगापूर रोडला राहणाऱ्या एका स्नेह्यांनी डॅक बदलला, तेव्हा आम्ही अशी तपासणी करून पाहिली. जुना आणि नवा असे दोन्ही डॅक एकाच अ‍ॅम्प्लिफायरला जोडले, ४०० हर्ट्झचा सलग सूर लावला आणि स्पीकरच्या टर्मिनलवर मल्टिमीटर धरला. जुन्याचे वाचन २.०० व्होल्ट आले, नव्याचे २.१५. हा फरक सुमारे ०.६ डेसिबलचा. एवढी वाढ ‘मोठा आवाज’ म्हणून सहसा जाणवत नाही. ती ‘मोकळा आवाज’, ‘जास्त तपशील’ अशी जाणवते, आणि दुकानात होणाऱ्या तुलनांत नेमके इथेच पाणी मुरते. नव्या डॅकची पातळी खाली आणून दोन्ही वाचने एकसारखी केली, अ‍ॅम्प्लिफायरचे दिवे नॅपकिनने झाकले आणि बटणाचा ताबा स्नेह्यांच्या भाचीकडे दिला. ती प्रत्येक वेळी नाणे उडवून डॅक निवडायची आणि विचारायची, “मामा, बोला, जुना की नवा?” सुरुवातीची ठाम उत्तरे हळूहळू “बहुतेक नवा” वर आली आणि निकाल नाणेफेकीच्या आसपासच राहिला. स्नेही म्हणाले, “पण दिसायला नवा चांगला आहे.” ते मात्र खरेच आहे.

अशा चाचणीत थोड्या उत्तरांवरून निष्कर्ष काढू नये. १० पैकी ७ किंवा त्याहून अधिक बरोबर येणे हे निव्वळ अंदाजानेही सुमारे सहापैकी एकदा घडते. ९ किंवा त्याहून अधिक बरोबर येण्याची शक्यता मात्र जेमतेम एक टक्का असते. शिवाय दोन तुकडे लगेच एकामागून एक ऐकायला हवेत. वायर बदलण्यात दहा मिनिटे गेली की आवाजातले बारकावे आठवणीत राहत नाहीत, राहते ते आपले मत. ब्रॅड मेयर आणि डेव्हिड मोरन यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, उच्च दर्जाचे ध्वनिमुद्रण आणि तेच सीडीच्या १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झच्या मर्यादेतून काढलेले, यांची ओळख ५५४ पैकी २७६ वेळा बरोबर ठरली, म्हणजे निम्म्याहून किंचित कमी.

‘बर्न-इन’ झाल्यावर, म्हणजे काही काळ वापरून रुळल्यावर, यंत्र खुलते, असेही ठामपणे सांगितले जाते. आपल्या नाशकात ऑक्टोबरात घेतलेला अ‍ॅम्प्लिफायर डिसेंबरात हमखास खुलतो, कारण तोवर थंडी पडलेली असते, पंखा बंद असतो आणि खिडक्या लावलेल्या असतात. पंख्याच्या घरघरीखाली दबलेले मंद स्वर वर येतात. यंत्र जसेच्या तसेच असते.

याचा अर्थ काहीच बदलत नाही असा नव्हे. स्पीकरमधला फरक डोळे झाकूनही ऐकू येतो आणि तो ताडायला एकच स्पीकर अधिक उपयोगी पडतो, कारण ध्वनिसंशोधक फ्लॉइड टूल यांच्या कॅनडातील प्रयोगांत श्रोत्यांना स्पीकरचे दोष मोनोमध्ये, म्हणजे एकाच स्पीकरवर ऐकताना, जास्त स्पष्ट कळले होते. त्यासाठी मी नाशकातच १९२१ साली जन्मलेल्या शास्त्रीय गायक द. वि. पलुसकरांची जुनी मोनो मुद्रणे लावतो. त्यांच्या स्वच्छ, सरळ लागणाऱ्या आवाजात स्पीकरने घातलेली कर्कशता किंवा नाकातला सूर लपत नाही.

स्पीकरइतकाच फरक खोली पाडते. स्नेह्यांची खोली लांबीला १२ फूट आहे. त्या लांबीत ४७ हर्ट्झच्या आणि त्याच्या दुपटीच्या, ९४ हर्ट्झच्या, आसपास आवाज घुमतो, आणि डग्ग्यावर मनगट दाबून काढलेली घसीट साधारण याच भागातून सरकते. म्हणून तिथे एखादी थाप उगाच फुगते. फरशी टाइलची, समोरासमोरच्या भिंती उघड्या. टाळी वाजवली की पाठोपाठ झणझण ऐकू यायची. एका भिंतीवर जाड गोधडी टांगल्यावर ती झणझण विरली, आणि हा बदल भाचीने चाचणीविनाच ओळखला. डग्ग्याचा घुमारा मात्र गोधडीला दाद देत नाही, कारण ४७ हर्ट्झची लहर सात मीटरहून लांब असते. खुर्ची मागच्या भिंतीपासून तीनेक फूट पुढे घेतल्यावर तो बराच आवरला, पण आता कपाटाचे दार पुरते उघडत नाही, आणि त्यावर घरात अजून एकमत झालेले नाही.