किळस येत नाही का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मी नर्सिंग असिस्टंट आहे हे कळलं की दुसरा-तिसरा प्रश्न हाच येतो: "लोकांचं सगळं काढायचं म्हणजे... किळस नाही येत?" विचारून झाल्यावर बरेच जण ओशाळतात. ओशाळू नका, प्रश्न रास्त आहे.

वास येतो. सुरुवातीला तर चारदा हात धुऊनही जेवताना घास तोंडाशी नेला की तो आठवायचा. मग एका सकाळी एका आजोबांचा डायपर बदलत होते. त्यांनी भिंतीकडे मान वळवली होती आणि डोळे गच्च मिटले होते. माझ्या चेहऱ्यावर काय उमटतंय ते त्यांना बघायचं नव्हतं. माझ्या किळसेपेक्षा त्यांची लाज कितीतरी मोठी होती. तेव्हापासून माझं लक्ष वासावरून हटलं, ते कायमचं. आधी पडदा ओढायचा. पुसायचा तेवढाच भाग उघडा ठेवायचा, बाकी अंगावर चादर. हात लावण्याआधी "आता कूस वळवते हं" म्हणायचं, माणूस बेशुद्ध असला तरी.

आणि हे नुसतं पुसणं नसतं. बेडवर स्पंजिंग करताना डोळे आधी, बिनसाबणाच्या पाण्याने, नाकाकडच्या कोपऱ्यातून बाहेरच्या बाजूला. दुसऱ्या डोळ्याला कापडाची दुसरी बाजू. पाठ पुसायची वेळ आली की माझं खरं काम सुरू होतं. माकडहाड, खुबे, टाचा. लाल डाग दिसला तर बोटाने दाबून बघायचा. दाबल्यावर फिका पडला तर तूर्त ठीक. लालच राहिला तर बेडसोरची, म्हणजे एकाच जागी पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेची सुरुवात, लगेच सिस्टरना सांगायचं. काळ्या-सावळ्या कातडीवर ही लाली नीट दिसत नाही. तिथे हाताला कळतं: भोवतीच्या कातडीपेक्षा गरम किंवा टणक लागतं. दिवसभरात त्या माणसाचं सगळं अंग बघणारी बहुतेक वेळा मी एकटीच असते. म्हणून या कामाला कुणी 'बिनकौशल्याचं' म्हटलं की मला राग येतो, आणि तो मी लपवत नाही.

अवघड काय, ते विचाराल तर वेळ. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर 2 तासांनी बदलायची. भरवायचं तर पाठीला आधार देऊन ताठ बसवून, छोटे घास, गिळल्याची खात्री करून मगच पुढचा. जेवल्यावर निदान अर्धा तास आडवं करायचं नाही. हे सगळं एकाच वेळी अनेकांचं. दोन बेल एकदम वाजतात तेव्हा एकाला थांबवावं लागतं, आणि थांबलेल्याची चादर ओली झालेली असते. तेवढं एक घेऊन मी घरी जाते. पाठ दुखते तीही घाईमुळेच. पलंग कमरेइतका वर घ्यायचा आणि ओझं पायांवर घ्यायचं, हे पाठ आहे; पण माणूस घसरत असतो तेव्हा पलंग वर घ्यायला कोण थांबतं?

मग टिकून का आहे? पक्षाघात झालेल्या एक मावशी होत्या. अशा माणसाला कपडे घालताना आधी लुळा हात बाहीत घालायचा, काढताना आधी चांगला हात काढायचा. मी रोज घालायचे आणि रोज तेच मोठ्याने सांगायचे. त्या काही बोलत नसत. एका सकाळी मी बाही उघडून धरली, तर त्यांनी उजव्या हाताने आपला डावा हात उचलला आणि स्वतःच आत सारला. मी नुसती बाही धरून उभी होते. बटणांना मात्र त्यांनी मला हात लावू दिला नाही. पाचही बटणं एका हाताने, चुकत, परत काढत.

त्या दिवशी पुढच्या बेडचं स्पंजिंग उशिरा झालं.