घोटीच्या अलीकडचा पिवळा दिवा

वाडीवऱ्हे मागे पडलं आणि गाडीनं पहिला हिसका दिला. रात्रीचे साडेनऊ झाले होते. हौद्यात ७५ कॅरेट टोमॅटो, शेजारी माझा चुलतभाऊ आणि पुढे कसारा घाट. हिसका इतका बारीक होता की भावाला कळलासुद्धा नाही. मला कळला. तीन महिने मी त्या गाडीच्या आवाजाला कान लावून बसलेलो होतो.

ही आमची पहिली डिझेल पिकअप. २०२३ च्या मे महिन्यात घेतली, २०१९ चं मॉडेल, बीएस-४, म्हणजे धुराच्या जुन्या नियमातलं. आमचं गाव दिंडोरी तालुक्यात. तोवर घरात एक मोटरसायकल आणि आण्णांचा, म्हणजे वडिलांचा, जुना ट्रॅक्टर एवढंच होतं. माल दुसऱ्याच्या गाडीतून वाशीला जायचा. गाडीवाला येईल तेव्हा भरायचा, वाटेत तो आणखी दोघांचा माल घेईल तोवर ताटकळायचं. वाशीच्या भाजी मार्केटचा खेळ रात्रीतच होतो. उशिरा पोचलेल्या मालाकडे व्यापारी मान वळवूनही बघत नाही. म्हणून कर्ज काढून गाडी घेतली.

घेताना मी जेवढं जमलं तेवढं शिकून गेलो होतो. गावच्या मिस्त्रीनं सांगितलं होतं, सकाळी इंजिन थंड असताना जा आणि आधी बोनेटला हात लाव. गरम लागलं तर समज, मालकानं तू यायच्या आत चालू करून ठेवलीय. बोनेट गार होतं, गाडी दुसऱ्या सेल्फला उठली. धूर बघितला. काळा असेल तर डिझेल जास्त किंवा हवा कमी, निळा असेल तर इंजिन ऑइल खातंय, थंडीतला पांढरा थोड्या वेळात निवळला पाहिजे. गाडी नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०, बँकेचा बोजा उतरवायला ३५, सगळं वेळेत केलं. फिटनेसची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनानं लिहिली. स्प्रिंगच्या पाट्यांना ग्रीस, टायरला हवा, इंजिन ऑइल, सगळं वहीत टिपत होतो. आता वाटतं, वहीत सगळं होतं, फक्त डिझेल नव्हतं. डिझेल म्हणजे टाकायचं आणि जायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

त्या दिवशी, ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात, माल भरेपर्यंत सात वाजले. जुलैत टोमॅटोनं जे भाव बघितले ते आमच्या पिढीनं कधी बघितले नव्हते, आणि ऑगस्ट सरताना तेच भाव रोज खाली घसरत होते. एक रात्र चुकली तरी नुकसान, अशी अवस्था. टाकी निम्म्याच्या खाली होती. पंपावर गेलो तर अर्धा तास जाईल म्हणून मी ट्रॅक्टरसाठी घरी ठेवलेल्या ड्रममधलं डिझेल काढलं. ड्रम जवळजवळ रिकामा होता. आडवा करून, खालचं उरलंसुरलं कॅनमध्ये घेतलं आणि पिकअपच्या टाकीत ओतलं. साधारण २० लिटर.

दिंडोरीतून बाहेर पडताना डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा लागला. नळकांड्यासारखं चित्र आणि खाली थेंब. थोड्या वेळानं तो विझला, तेव्हा मी त्याच्याकडे दुर्लक्ष केलं. नाशिक ओलांडल्यावर परत लागला आणि या वेळी लागूनच राहिला.

वाडीवऱ्ह्यानंतर चढाला हिसके वाढले. ॲक्सिलरेटर दाबला तर गाडी पुढे जायच्या ऐवजी मागे ओढल्यासारखी व्हायची, सोडला की सावरायची. चौथ्यातून तिसरा, तिसऱ्यातून दुसरा. मागून येणारे ट्रक हॉर्न मारत जात होते. मुंढेगाव गेलं. भाऊ म्हणाला, ‘‘दादा, इगतपुरीपर्यंत ओढ. पुढं घाट उतारच आहे, उतारावर कशाला ताकद लागते?’’

मलाही ते पटलं. खरंच पटलं. इगतपुरीपर्यंत कशीबशी नेली की पुढे कसाऱ्यापर्यंत गाडी आपल्या वजनानंच उतरेल असा हिशोब मी केला होता. सुदैवानं घोटीच्या अलीकडेच इंजिनानं दोन उचक्या दिल्या आणि ते बंद पडलं. गाडी कडेला घेताना स्टिअरिंग एकदम दगडासारखं जड झालं आणि ब्रेकचं पेडल पहिल्या दोन दाबांनंतर खालीच जाईना. सपाट रस्त्यावर, वीसच्या वेगात. थांबलो तेव्हा माझे हात कापत होते.

शंभर पावलांवर पंक्चरचं दुकान उघडं होतं. दुकानदारानं घोटीतल्या एका डिझेल मिस्त्रीला फोन लावला. अर्ध्या तासात साठीकडे झुकलेले एक गृहस्थ मोटरसायकलवर आले, मागे लोखंडी पेटी बांधलेली. मी त्यांना नाना म्हणू लागलो, तेही ओ देऊ लागले.

त्यांनी सेल्फ मारू दिला नाही. आधी विचारलं, ‘‘दिवा लागला होता का? केव्हापासून?’’ मग, ‘‘डिझेल कुठं भरलं?’’ ड्रमचं सांगितल्यावर ते काही बोलले नाहीत. टॉर्च माझ्या हातात देऊन, पाण्याची एक रिकामी बाटली मधोमध कापली आणि फिल्टरच्या बुडाचा प्लास्टिकचा स्क्रू ढिला करून खाली धरली. बाटली टॉर्चपुढे आणली. वर दोन बोटं डिझेल आणि खाली स्वच्छ, पांढरं पाणी. मध्ये काचेवर ओढल्यासारखी रेघ.

‘‘हे बघून घ्या,’’ नाना म्हणाले. ‘‘पाणी जड. ते टाकीच्या तळाला बसतं आणि गाडी डिझेल तळातूनच ओढते.’’

फिल्टरच्या बुडाशी पाणी साठावं म्हणून जागा असते आणि तिथंच तो दिव्याचा सेन्सर असतो. म्हणजे दिंडोरीला दिवा लागला तेव्हा ती जागा भरत आली होती. चढ-उतारानं पाणी हललं, दिवा विझला. तेव्हाच थांबून तो स्क्रू ढिला केला असता तर पाच मिनिटांचं काम होतं, हातानं होणारं, पाना न लागणारं. हे मला तीन महिन्यांत कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं.

पुढचे दोन तास आम्ही तिथं होतो. नानांनी टाकीचा खालचा प्लग काढला. गाडी अर्धा तास उभी असल्यानं पाणी तळाला बसलंच होतं. आधी पाणी आलं, मग दुधासारखं गढूळ, मग कुठं पिवळं स्वच्छ डिझेल. दोन-अडीच लिटर पाणी असावं. पेटीत त्यांच्याकडे नवा फिल्टर होता, तो बसवला. टाकीचा प्लग पुन्हा घट्ट बसवला, घोटीच्या पंपावरून भाऊ आणि दुकानदार जाऊन कॅनमधून डिझेल घेऊन आले. मग नानांनी फिल्टरवरचा हातपंप मारायला मला बसवलं. ‘‘लाइनमध्ये हवा गेलीय. हवा असली की डिझेल चढत नाही. कडक लागेपर्यंत दाबा.’’ मी दाबत राहिलो. शंभर, दीडशे. सुरुवातीला पोकळ लागत होता, मग हळूहळू अंगठ्याला जोर लागायला लागला, शेवटी दाबताच येईना. तो कडकपणा माझ्या अंगठ्याला अजून आठवतो.

दाबता दाबता मी विचारलं, ‘‘आण्णांच्या ट्रॅक्टरला हेच डिझेल वर्षानुवर्षं चालतं, मग हिलाच काय झालं?’’ नाना म्हणाले, ट्रॅक्टरच्या जुन्या पंपाला फार प्रेशर लागत नाही, थोडं पाणी तो सोसतो. हिच्या कॉमन रेलमध्ये, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या नळीत, हजार बारच्या वर प्रेशर असतं. टायरमधली हवा चार-पाच बार असते, त्यावरून समजा. इतक्या दाबानं डिझेल इंजेक्टरच्या केसाहून बारीक भोकांतून इंजिनात फवारलं जातं. पंपाला आणि इंजेक्टरला दुसरं तेल नाही, डिझेलच त्यांचं वंगण. त्यात पाणी आलं की लोखंडावर लोखंड घासतं, गंज धरतो. ‘‘वेळेत बंद पडली म्हणून वाचलात. इंजेक्टर गेले असते तर टोमॅटोच्या दोन खेपा त्यातच गेल्या असत्या.’’

मग मी त्यांना घाटाबद्दलचा भावाचा आणि माझा बेत सांगितला. त्यांनी हातातला पाना खाली ठेवला.

‘‘डिझेल गाडीच्या ब्रेकला जी मदत मिळते ती व्हॅक्युमची, म्हणजे पंपानं हवा ओढून केलेल्या पोकळीची. तुमच्या गाडीत तो पंप अल्टरनेटरच्या मागं बसवलेला आहे, इंजिन फिरलं तर फिरणार. घाटात गाडी अशी बंद पडली की माणूस घाबरून क्लच दाबतो. क्लच दाबला की इंजिन थांबलं. मग दोन-तीन वेळा ब्रेक लागेल, चौथ्यांदा पेडलवर उभं राहिलात तरी पुरेसा लागणार नाही. दीड टन माल मागं. अशा गाड्या मी दरीतून काढलेल्या आहेत.’’

भाऊ खाली बघत होता. मीही. मला ते स्टिअरिंग आणि ते दगड झालेलं पेडल आठवलं. वीसच्या वेगातलं, सपाट रस्त्यावरचं.

डिझेल वाचवायला न्यूट्रलवर घाट उतरणारे कितीतरी जण मी पाहिलेत, एकेकाळी मलाही ते हुशारीचं वाटायचं. नाना म्हणाले, गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला तर या इंजिनांत डिझेल जातच नाही, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलला उलट आयडलिंगचं डिझेल जळतं आणि इंजिनाचा लगामही सुटतो. म्हणजे त्यात वाचत काहीच नाही.

सेल्फ मारताना त्यांनी बजावलं, एका वेळी दहा सेकंदांच्या वर नाही, मध्ये मोटरला थंड होऊ द्यायचं. तिसऱ्या वेळी इंजिन खोकलं, पांढरा धूर आला, एका सिलिंडरवर लंगडत राहिलं आणि मग एकदम सरळ झालं. नाना बोनेटवर हात ठेवून पाच मिनिटं नुसते ऐकत उभे होते. मग स्वतः शेजारी बसले, भावाला त्यांच्या मोटरसायकलवर मागून यायला लावलं आणि इगतपुरीपर्यंत आले. वाटेत चढाला मुद्दाम तिसऱ्या गिअरमध्ये दाबून बघायला लावली. दिवा लागला नाही. घाटाच्या तोंडाशी उतरताना म्हणाले, ‘‘दुसऱ्यात उतरा. ब्रेक कमी, गिअर जास्त.’’ फिल्टरचे आणि वर थोडेसेच पैसे घेतले. रात्रीच्या फेरीचे घ्या म्हणून मी खूप आग्रह केला, नाही घेतले.

दुसऱ्यात उतरलो. इतका सावकाश मी तो घाट कधी उतरलो नव्हतो. वाशीला पोचलो तेव्हा चार वाजून गेले होते. आमच्या व्यापाऱ्याचं निम्म्याहून जास्त गिऱ्हाईक उरकलेलं. कॅरेटमागं चांगला शंभर-सव्वाशेचा फटका बसला, वर हमाली आणि आडत ठरलेलीच. भावानं गाळ्यावर बसून हिशोब केला आणि कागद माझ्याकडे सरकवला. मी तो घडी घालून वहीत ठेवला, अजून तिथंच आहे.

दुपारी घरी आल्यावर आधी ड्रम बघितला. गोठ्याशेजारी उघड्यावर उभा ठेवलेला, वरच्या कडेनं खोलगट झाकण. जुलैतल्या पावसाचं पाणी त्या खोलगटात साचलं असणार. दिवसा उन्हानं ड्रममधली हवा फुगते, रात्री आक्रसते आणि बुचाच्या ढिल्या आट्यांतून ते पाणी आत ओढलं जातं. झाकण वरून कोरडं दिसतं, म्हणून संशय येत नाही. आण्णा तिथं आले. मी त्यांना ती कापलेली बाटली दाखवली, मी ती मुद्दाम नेटानं सांभाळून आणली होती. ते बराच वेळ बघत राहिले.

‘‘मी कितीदा ट्रॅक्टरला घातलंय हे,’’ ते म्हणाले.

संध्याकाळी आम्ही दोघांनी ड्रम शेडमध्ये नेला आणि विटांवर आडवा ठेवला, बुचाची बाजू किंचित वर, म्हणजे पाणी मागच्या टोकाला बसेल आणि काढताना वरचं चांगलं डिझेल येईल. तळाची एक वीत आता कधीच काढायची नाही असं ठरवलं. आण्णांनी स्वयंपाकघरातून लोणच्याची जुनी काचेची बरणी आणली, धुऊन पालथी घातली. आता टाकीत ओतायच्या आधी ते त्यात थोडं डिझेल घेतात आणि उजेडाकडे धरून बघतात.