लाल ठिपका

मालकाच्या शब्दावर विसंबायचं नाही, हे बंदूकदुरुस्तीच्या या धंद्यात मला वडिलांनी शिकवलं. "रिकामं आहे काका" असं कुणी कितीही म्हणो, मॅगझिन (गोळ्या भरायची डबी) काढायचं, बोल्ट (गोळी आत ढकलणारा सरकता भाग) मागे ओढून चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला गोळी बसते तिथे, डोकवायचं, वर करंगळी घालून चाचपायचं. मग परवान्यावरचा नंबर बॉडीवरच्या नंबराशी जुळवायचा. तोवर चहासुद्धा नाही.

ही बावीस वर्षांची पोरगी पॉइंट टू-टूचं सेकंडहँड स्पोर्ट पिस्तूल घेऊन आली. विकणाऱ्यानं "एकदम कंडिशनमध्ये" सांगितलं होतं. (सगळेच सांगतात.) तक्रार एकच: गोळी चेंबरमध्ये जाता जाता अडकते. तिनं डायरी पुढे केली. "काका, यात लिहिलंय." मी म्हटलं, "राहू दे, बघतो मी."

आणि बघितलं की! चेंबरमध्ये मेण आणि शिशाची काजळी साचली होती, ती काढली. आधीच्या कुणा हुशारानं रिकॉइल स्प्रिंग, म्हणजे बोल्टला परत पुढे ढकलणारी, कडक टाकली होती. मॅचची काडतुसं मवाळ असतात, त्यांच्या झटक्यानं बोल्ट पुरता मागे येत नाही. स्प्रिंग बदलली. रेंजवर पन्नास गोळ्या झाडल्या, एकही अडकली नाही. "ने, पास."

नेमबाजीच्या निवड चाचणीत रॅपिडच्या (झटपट नेमाच्या) टप्प्यात, तीन सेकंदांत एक गोळी मारायची असते तिथे, ती दुसऱ्या गोळीला अडकली. तिनं नियमाप्रमाणे हात वर केला, पाच गोळ्यांची मालिका पुरी करायला मिळाली. ही मुभा त्या टप्प्यात एकदाच. पुढच्या मालिकेत परत तेच. न सुटलेल्या गोळ्या शून्य.

अडकलेलं काडतूस तिनं डबीत घालून आणलं होतं. शिशाच्या नाकावर, वरच्या बाजूला, नखानं ओरखडावं तशी चकचकीत अर्धचंद्राची खूण. म्हणजे नाक वर उचललं जाऊन चेंबरच्या काठावर आपटत होतं. तिच्याकडे दोन मॅगझिन होती, एकावर पांढरा ठिपका, दुसऱ्यावर लाल. मी मॅगझिनच्या ओठांना, म्हणजे गोळी धरून ठेवणाऱ्या वरच्या कडांना, व्हर्नियर (बारीक मापाची पट्टी) लावला. पांढऱ्या ठिपक्याचं ठीक होतं. लाल ठिपक्याचे ओठ तीन दशांश मिलिमीटर फाकलेले. कधीतरी फरशीवर पडलं असणार. पहिली गोळी आपण हातानं, बेतानं भरतो. दुसरी बोल्ट स्वतः आत ढकलतो, आणि तेव्हा मॅगझिनची स्प्रिंग अजून जवळजवळ पुरती दाबलेली असते.

माझ्या पन्नासच्या पन्नास गोळ्या पांढऱ्यातून गेल्या होत्या. तेच पिस्तुलात होतं म्हणून.

मग डायरी उघडली. नेलपॉलिशचे ठिपके तिनेच लावले होते. तीन आठवड्यांच्या नोंदी: "लाल, दुसरी." "लाल, दुसरी." "पांढरं, ठीक." शेवटची चाचणीच्या आदल्या रात्रीची: "काकांनी स्प्रिंग बदलली. लाल वापरू का?"

नवं मॅगझिन बाहेरून येईल तेव्हा येईल. सध्या ती एकाच मॅगझिनवर नेमबाजी करते, दर मालिकेनंतर घाईघाईनं भरते. लाल माझ्या टेबलावर आहे. ओठ चिमट्यानं आवळता येतील, पण किती दिवस टिकतील सांगवत नाही. तिनं परत मागितलेलं नाही, मीही अजून दिलेलं नाही.