बँडवाले लढाईत काय करायचे?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. मी वास्कोत मुलांना क्लॅरिनेट आणि कॉर्नेट शिकवतो. नौदलाचा बँड गोव्यात कुठे वाजला की कुणीतरी पालक हमखास गाठतात: "सर, पांढऱ्या युनिफॉर्ममध्ये हे लोक शोभून दिसतात, पण लढाई लागली की यांचं काम काय? यांना किनाऱ्यावरच ठेवत असतील ना?"

नाही ठेवत. दुसऱ्या महायुद्धात ते जहाजावरच होते, आणि बरेचसे जहाजाच्या अगदी पोटात.

आपल्या डोळ्यांसमोर टायटॅनिक असतं. तिथले 8 वादक साधे नागरिक होते. ते शेवटपर्यंत वाजवत राहिले आणि आठही जण गेले. त्यांच्याबद्दल मला फार आदर आहे. पण युद्धनौकेची गोष्ट वेगळी. तिथे धोक्याचा इशारा झाला की वाद्य ठेवून द्यायचं आणि नेमून दिलेल्या जागी धावायचं. लढाईच्या वेळी जहाजावर रिकामा माणूस कुणी ठेवत नाही.

ब्रिटिश आरमाराच्या मोठ्या जहाजांवर रॉयल मरीन्सचे, म्हणजे आरमाराच्या सागरी सैनिकांच्या दलाचे, बँड असत. एरवी त्यांचं काम आपल्याला ठाऊक आहे तेच: सकाळी झेंडा चढताना राष्ट्रगीत, रविवारची प्रार्थना, अधिकाऱ्यांच्या मेजवान्या, बंदरात शिरताना डेकवर वादन. लढाईत मात्र त्यांची जागा ट्रान्समिटिंग स्टेशन नावाच्या खोलीत. ही खोली पाण्याच्या पातळीखाली, पोलादी डेकच्या आड. वरची झाकणं घट्ट बंद. मधोमध टेबलासारखं एक भलंमोठं यांत्रिक गणकयंत्र आणि त्याच्या चहूबाजूंनी माणसं.

शत्रूचं जहाज किती दूर आहे, कुठल्या दिशेला आहे, किती वेगाने चाललंय, हे वरून खाली कळवलं जाई. खाली ज्याच्या-त्याच्यापुढे तबकडी. तिच्यातला एक काटा यंत्र हलवणार, दुसरा आपण हँडल फिरवून त्याच्याशी जुळता ठेवायचा. मागे पडायचं नाही, पुढेही पळायचं नाही. लांबच्या माऱ्यात तोफेचा गोळा अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ हवेत असतो. तेवढ्यात शत्रूचं जहाज पुढे सरकलेलं असतं. त्यामुळे नेम ते आत्ता आहे तिथे धरून भागत नाही, गोळा पडेल तेव्हा ते जिथे असेल तिथे धरावा लागतो. वाऱ्याचा हिशेब त्यातच, तोफेच्या नळीच्या झिजेचाही. एकाचा काटा चुकला तर बाकीच्यांची मेहनत वाया.

हे काम वादकांकडेच का? हातात हात घालून, ठरल्या वेळी, न गोंधळता काम करायची त्यांना सवय असते, असं कारण सांगतात. मला ते पुरेपूर पटतं. बँडमध्ये डोळे आपल्या कागदावर, कान शेजाऱ्याकडे आणि काही झालं तरी लय सोडायची नाही. आमच्याकडचे जुने मेस्त, म्हणजे संगीतशिक्षक, चर्चच्या शाळेत मुलांकडून सोल्फा, म्हणजे स्वरांचे पाठ, घोटून घेत, तो याचसाठी.

पण जहाज बुडालं तर त्या खोलीतून वर येणं जवळजवळ अशक्य. 24 मे 1941 रोजी हूड ही युद्धनौका बुडाली. 1418 जणांपैकी तिघे वाचले, त्यांत बँडमधला एकही नव्हता. युद्ध संपेपर्यंत रॉयल मरीन्सचे 225 वादक आणि बिगुलवाले मारले गेले. त्यांच्या एकूण संख्येचा हा जवळजवळ चौथा हिस्सा. बँडच्या खुर्च्या मांडा आणि दर चौथी उचलून ठेवा, म्हणजे कळेल.

अमेरिकेच्या ॲरिझोना या युद्धनौकेवर तर एकही खुर्ची उरली नाही. तिथले 21 वादक एकाच संगीतशाळेतून एकत्र शिकून, एकत्रच जहाजावर आलेले. 6 डिसेंबर 1941 च्या रात्री ते पर्ल हार्बरला इतर जहाजांच्या बँडची स्पर्धा ऐकायला गेले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी झेंड्यासाठी डेकवर जमले, तोच हल्ला झाला. ते खाली धावले. त्यांचं काम तोफांना दारूगोळा वर चढवण्याचं होतं. काही मिनिटांतच जहाजाच्या दारूखान्याचा स्फोट झाला आणि 21 च्या 21 जण गेले. जवळच नेवाडा जहाजावर राष्ट्रगीत सुरू होतं. विमानातून गोळ्या झाडल्या जात असताना बँडने ते शेवटच्या सुरापर्यंत वाजवलं आणि मगच सगळे आपापल्या जागी पळाले.

म्हणून मला राग येतो. लग्नाला, फेस्ताला, विसर्जनाला बँडशिवाय आपलं चालत नाही आणि तरी "बँडवाले" म्हणताना आपला आवाज उतरतो. 1982 च्या फॉकलंड युद्धात कॅनबेरा जहाजावर रॉयल मरीन्सच्या याच बँडवाल्यांनी जखमींचे स्ट्रेचर वाहिले. त्यांच्याबद्दल हलक्या आवाजात बोलायचा कुणाला अधिकार आहे?

आपल्या नौदलाचा बँड 1945 सालचा. हल्ली वादकांची भरती अग्निवीर म्हणून होते, मुलींनाही अर्ज करता येतो. माझ्याकडच्या एका मुलीला जायचंय. तिच्या बाबांना वाटत होतं की निवड झाली की थेट वाद्य हातात. त्यांना सांगितलं, आधी ओडिशात आयएनएस चिल्का या नौदलाच्या प्रशिक्षण केंद्रात बाकीच्या अग्निवीरांबरोबर कवायत आणि नाविकाचं शिक्षण, संगीताचं त्यानंतर. मग मी विचारलं, तिला पोहता येतं का? नाही म्हणाले. पोहायला तिथे शिकवतात, पण तिने तेवढी वाट का बघावी? क्लॅरिनेटच्या क्लासचा एक दिवस कमी करून तो पोहण्याला द्या, असं मीच त्यांना सांगितलं.